शस्त्राकडून स्वराकडे : आपल्या संस्थेचा तंबोरा आणि मिरजेचे कारागीर

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, म्हणजे १९७५ साली, आपल्या ट्रस्टची स्थापना झाली. त्या वर्षीच्या जडवस्तू-नोंदवहीत चांदीची पूजेची भांडी, दोन पितळी समया, शास्त्रग्रंथांचे लाकडी कपाट, सहा सतरंज्या यांच्या ओळीत 'जुना तंबोरा, नग एक' अशी साधी नोंद आहे. एका श्रावक कुटुंबाने तो आपल्या घरातून संस्थेस अर्पण केला, तेव्हाच तो जुना होता. गेली पन्नास वर्षे दशलक्षण पर्वातील सायंकाळच्या भक्तीला, महावीर जयंतीला आणि चातुर्मासातील प्रवचनांपूर्वीच्या मंगलाचरणाला या तंबोऱ्याने सूर दिला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत इमारतीचा, देणगीदारांचा व विश्वस्तांचा इतिहास इतरत्र आलेलाच आहे. या लेखात नोंदवहीतील त्या एका ओळीचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. तो सांगताना तंबोऱ्याबरोबर तो घडविणाऱ्या हातांचाही विचार करावा लागतो, आणि त्या हातांची कथा अहिंसेला मानणाऱ्या आपल्या समाजास विशेष जवळची वाटावी अशी आहे.

जैन परंपरा आणि नादविद्या

विरक्तीचा उपदेश करणाऱ्या धर्मात गीत-वाद्यांना स्थान कसे, असा प्रश्न तरुण मंडळी कधी कधी विचारतात. आपल्या शास्त्रांनी त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. तीर्थंकरांच्या अष्ट प्रातिहार्यांमध्ये दिव्यध्वनी आणि देवदुंदुभी ही दोन ध्वनिरूपच आहेत. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या पुत्रांना निरनिराळ्या विद्या दिल्याचे वर्णन असून त्यांत वृषभसेनास गांधर्वशास्त्र शिकविल्याचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात नीलांजनेच्या नृत्याचा प्रसंग भगवंतांच्या वैराग्यास निमित्त ठरतो. म्हणजे कला ही भोगाचे साधन होऊ शकते तशी बोधाचेही साधन होऊ शकते.

पुन्नाटसंघीय जिनसेनाचार्यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इ.स. ७८३ मध्ये, हरिवंशपुराण रचले. त्यात चंपानगरीत वसुदेवाने वीणावादनात गंधर्वसेनेला जिंकल्याची कथा आहे. त्याच्यापुढे आणलेल्या वीणांमधील दोष दाखवून त्याने त्या नाकारल्या आणि निर्दोष वीणा हाती आल्यावरच वादन केले. वाद्याची परीक्षा ही वादकाच्या विद्येचाच भाग होय, हे मर्म या कथेत आहे.

पुराणकथांपुरतीच ही परंपरा मर्यादित नाही. जैन आचार्य पार्श्वदेव यांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलश यांनी इ.स. १३५० मध्ये पूर्ण केलेला 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे ग्रंथ भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना आजही पाहावे लागतात. आपल्या पूर्वाचार्यांनी नादाचे शास्त्र लिहिले, तेव्हा आपल्या मंदिरातील एका वाद्याची चिंता वाहणे हे कमी प्रतीचे काम खचितच नव्हे.

तंबोरा म्हणजे काय?

वीणा, सतार आणि तंबोरा ही एकाच मोठ्या कुळातील वाद्ये. पोकळ भोपळा किंवा लाकडी घट, त्याला जोडलेली लांब दांडी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा, ही या कुळाची ओळख. सतारीवर पडदे असतात, तारा दाबून राग वाजविता येतो. तंबोऱ्याला पडदे नाहीत. त्याच्या चार तारा मोकळ्याच छेडल्या जातात : पहिली बहुधा मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडीच्या, आणि शेवटची खर्जाची. तो स्वतः काही गात नाही. गाणाऱ्याला आधार देतो आणि मागे राहतो. संसारात राहून निरपेक्ष राहावे असे आपण प्रवचनात ऐकतो, त्याचा दृष्टांत हवा असेल तर तंबोऱ्याकडे पाहावे.

हा नाद उत्पन्न होण्याचे रहस्य घोडीत आहे. भोपळ्यावर बसविलेल्या पातळ लाकडी तबलीच्या मध्यावर ही लहानशी घोडी असते. तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत राहते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर झंकारत उठतात. याला जव्हारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून ही जव्हारी खुलविली जाते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर पाश्चात्त्य नियमानुसार उमटूच नयेत, ते उपस्वरही या घोडीमुळे स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात मोजले ते आमच्या कारागिरांनी केवळ कानाने आणि कानशीने पिढ्यान्‌पिढ्या साधलेले होते.

शिकलगारांची मिरज

हे कारागीर बहुसंख्येने मिरजेचे. मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात झाला, आणि त्याचे श्रेय फरीदसाहेब शिकलगार यांना दिले जाते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासून-पुसून त्यांना धार व पाणी देणारा. मराठेशाहीत लष्करी सरदारांच्या ठाण्यांतून या व्यवसायास तोटा नव्हता, आणि पटवर्धन हे तर पेशवाईतील मातब्बर सरदार घराणे. परंतु १८१८ मध्ये पेशवाई संपली, स्वाऱ्या थांबल्या, आणि तलवार हळूहळू भिंतीवर टांगण्याची वस्तू झाली. ज्यांचे पोट शस्त्रांच्या धारेवर चालत होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला.

मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन हे संगीताचे भोक्ते. त्यांच्या दरबारी गवई येत, त्यांची वाद्ये येत, आणि प्रवासात वाद्ये नादुरुस्तही होत. दुरुस्तीसाठी जवळपास कोणी नसल्यामुळे ती कामे हुन्नरी शिकलगारांकडे आली. धातूवर सूक्ष्म हात चालविणाऱ्या फरीदसाहेबांनी प्रथम दुरुस्ती केली, मग वाद्याची रचना समजून घेतली, आणि पुढे स्वतः नवी वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. त्यांचे आप्त व शिष्य या धंद्यात आले. पुढील पिढ्यांचे आडनावच 'सतारमेकर' झाले आणि ते जेथे राहिले त्या वस्तीस सतारमेकर गल्ली हे नाव पडले.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. मिरज हे आरंभापासून दुरुस्तीचे गाव आहे. नवे करण्यापूर्वी ते जुने जपायला शिकले. दुसरे असे की, जी कानस तलवारीची धार काढीत होती तीच कानस तंबोऱ्याच्या घोडीची जव्हारी काढू लागली. हत्यार घासताना पाते किती पातळ करावे याचा अंदाज बोटांना लागतो. जव्हारी काढतानाही नेमका तोच अंदाज लागतो. हात तेच, हत्यारे जवळजवळ तीच, केवळ हेतू बदलला. कोणी उपदेश केला म्हणून हे परिवर्तन झाले असे नाही. पोटाच्या गरजेतून आणि गुणग्राहक आश्रयदात्यामुळे ते झाले. तथापि हिंसेच्या साधनाकडून भक्तीच्या साधनाकडे एक संपूर्ण कारागीर समाज वळला, ही घटना आपल्या धर्माच्या दृष्टीने लहान नव्हे.

गायकांचा आणि कारागिरांचा सहवास

मिरजेच्या वाद्यांना नाव मिळाले ते केवळ कारागिरीमुळे नव्हे, तर त्या गावी राहिलेल्या गायकांच्या तीक्ष्ण कानांमुळेही. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) मिरजेस राहिले होते. आपल्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी फटाक्यांच्या अपघाताने अधू झाली. उपचारासाठी ते मिरजेस आले आणि तेथेच बाळकृष्णबुवांकडे त्यांचे संगीतशिक्षण झाले. याच पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताला सामान्य घरांची दारे उघडून दिली. मुलामुलींना गाणे शिकविणे प्रतिष्ठेचे ठरले, तसे घरोघरी तंबोरे लागू लागले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने वाद्ये दूरदूर पाठविणेही सुकर झाले.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी तर मिरजेलाच आपले गाव मानले. तंबोरा लावण्यातील त्यांचे कौशल्य त्या काळी ख्यातनाम होते. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. सांगलीस राहिलेले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी भारतीय स्वरांतील बावीस श्रुतींचे संशोधन १९१० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्या संशोधनात खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले होते. म्हणजे सांगली-मिरजेच्या या सहा मैलांच्या टापूत गायक, गणिती आणि कारागीर एकाच प्रश्नाशी झुंजत होते : शुद्ध सूर कोणता? अशा कानांच्या पहाऱ्याखाली ज्यांनी वाद्ये बनविली त्यांच्या हातून सदोष माल सुटणे कठीणच. ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेबांचे देहावसान झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीतसभा भरू लागली.

भीमाकाठचा भोपळा

तंबोऱ्याचा जन्म मात्र मिरजेत होत नाही, तो होतो शेतात. त्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू भोपळा असतो आणि पंढरपूर-मंगळवेढा भागात, भीमेच्या काठच्या जमिनीत त्याचे पीक घेतले जाते. पीक वाढत असताना फळाचा आकार बिघडू नये म्हणून शेतकरी त्याला जपतो. नंतर ते वेलीवरच पक्व होऊ देऊन वाळवितात. मिरजेचा कारागीर शेकडो फळांतून आपल्याला हवे ते निवडतो. भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आत काटक्यांचा ताण देऊन त्याला हवा तो गोलवा आणतात आणि पुन्हा वाळवितात.

दांडी तुणीच्या लाकडाची, ज्याला बाजारात लाल देवदार असेही म्हणतात. हे लाकूड वजनाला हलके, रंगाने तांबूस आणि नादाला चांगले. भोपळा व दांडी यांच्या सांध्यावर कोरीव पाने बसवितात. ती शोभेची दिसतात, परंतु सांधा झाकणे आणि त्याला बळकटी देणे हे त्यांचे खरे काम. तबली इतकी पातळ करतात की बोटाने टिचकी मारताच ती बोलते. मग खुंट्या, वरच्या टोकाची अटी आणि तारगहन, स्वर बारीक मिळविण्यासाठीचे मणी, आणि सर्वांत शेवटी घोडी व जव्हारी. जव्हारी काढणारा कारागीर वेगळा असतो आणि गल्लीत त्याचा मान मोठा असतो. एका वाद्यात शेतकरी, सुतारकामाचा जाणता, नक्षीकार, पॉलिशवाला आणि जव्हारीवाला एवढ्यांचे श्रम मिळालेले असतात.

महापूर आणि आपला तंबोरा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने आपला परिसर कसा वेढला गेला होता हे वाचकांस सांगावयास नको. मूलनायक भगवंतांची वेदी उंचावर असल्याने सुरक्षित राहिली. शास्त्रग्रंथ तरुणांनी वेळेत वर नेले. परंतु सामानाच्या खोलीत पाणी शिरले आणि तंबोरा कित्येक दिवस त्यात राहिला. पाणी ओसरल्यावर तो बाहेर काढला तेव्हा दांडी भोपळ्यापासून सुटलेली होती, तबली एका बाजूने उचललेली होती, भोपळ्याला दोन भेगा होत्या आणि गवसणी तर हाताला लागताच फाटत होती.

कार्यकारिणीच्या सभेत तीन मते पडली. एक मत असे की मोडके वाद्य मंदिरात ठेवू नये, त्याचे विसर्जन करावे. दुसरे मत असे की दुरुस्तीस जो खर्च येईल त्यात थोडी भर घातल्यास नवा तंबोरा येईल. तिसरे मत तरुण सभासदांचे : इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यावा, किंवा तेही नको, भ्रमणध्वनीवर तंबोऱ्याचा सूर विनामूल्य मिळतो. हे मत उडवून लावण्याजोगे नव्हते. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबुरा सिद्ध केल्यापासून अनेक मोठे गवईही प्रवासात व रियाजास त्याचा उपयोग करीत आले आहेत. पावसात तो उतरत नाही आणि लावता न येणाऱ्यासही सूर देतो.

तथापि दान दिलेली वस्तू ही संस्थेकडे ठेव असते, आणि ठेव मोडण्यापूर्वी ती वाचविण्याचा प्रयत्न करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य होय, हा विचार अखेर सर्वांना पटला. आपण अपरिग्रह सांगतो. चांगली वस्तू टाकून नवी आणणे हादेखील परिग्रहच नव्हे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ भगिनीने विचारला आणि चर्चा तेथे थांबली. कापडाच्या धंद्यामुळे मिरजेच्या बाजारपेठेत माझे नेहमी जाणे-येणे असल्याने तंबोरा तेथे नेण्याचे काम मजकडे आले.

दुरुस्ती आणि अहिंसेची कसोटी

सतारमेकर गल्लीतील ज्या वयोवृद्ध कारागिरांनी हे काम स्वीकारले, त्यांनी तंबोरा उलटसुलट पाहून तो स्वातंत्र्यापूर्वीचा असल्याचे सांगितले. दांडीचे लाकूड, पानांची नक्षी आणि खुंट्यांचा घाट यांवरून त्यांनी हा निष्कर्ष काढला. मी म्हणालो, "चाचा, वाचेल का?" ते म्हणाले, "शेठजी, मोडलेलं काही नाही, नुसतं सुटलंय. सुटलेलं जोडता येतं."

त्याचे कारण पुढे उमगले. जुन्या काळी सांधे सरसाने जोडीत. सरस पाण्याने मऊ होतो. त्यामुळे पुरात सांधे सुटले खरे, परंतु लाकूड तुटले नाही. ज्या गोष्टीमुळे वाद्य मोडलेले दिसले तिनेच ते वाचविले होते. सुटे भाग सावलीत, वाऱ्यावर, कित्येक महिने सावकाश वाळू दिले. उन्हात घाई केली असती तर दांडीला पीळ पडला असता. भोपळ्याच्या भेगांना आतून मलमलीच्या पट्ट्या चिकटविल्या. त्यासाठी धुवट, मऊ मलमल मी दुकानातून नेऊन दिली. दोन खुंट्या शिसवीच्या नव्या केल्या. तबली मूळचीच ठेवून आतून आधार दिला. मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी आली. मैफली बंद, गाड्या बंद, गल्लीत नव्या कामाची मागणीच नव्हती. त्या दिवसांत असल्या दुरुस्तीच्या कामांनी काही घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे मी समक्ष पाहिले आहे.

खरा पेच घोडीपाशी आला. जुनी घोडी सांबरशिंगाची होती आणि ती चिरली होती. पूर्वी घोड्या हस्तिदंताच्या, सांबरशिंगाच्या, उंटाच्या हाडाच्या किंवा कठीण लाकडाच्या करीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढील दुरुस्त्या यांनी हस्तिदंत व सांबरशिंग यांचा व्यापार बंद केला. हाडाचा पर्याय उरतो. आपल्यापुढे मात्र कायद्याच्याही अलीकडचा प्रश्न होता : जिनमंदिरात ज्या वाद्यावर णमोकार मंत्र गावयाचा त्यात प्राण्याचे हाड असावे काय?

यावर सभेत झालेली चर्चा नोंदवून ठेवण्यासारखी आहे. एका सभासदाने युक्तिवाद केला की सांबर दरवर्षी आपली शिंगे आपोआप टाकते. मुनिराजांची पिच्छी मोराने स्वतः टाकलेल्या पिसांची असते व तीच अहिंसेचे उपकरण ठरते, तर गळलेल्या शिंगाला दोष कसा? युक्तिवाद सुंदर होता. त्यावर उत्तर असे आले की पिच्छीची पिसे कशी मिळाली हे श्रावकास ठाऊक असते, बाजारातील शिंग गळलेले की मारून काढलेले हे कोणासच सांगता येत नाही, आणि जेथे शंका आहे तेथे त्याग श्रेयस्कर.

अशी एकेक वस्तू तपासू लागल्यावर यादी लांबत गेली. सरस म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. पॉलिशमधील लाख ही कीटकजन्य. जव्हारीत सरकविण्याचा धागा कोणी रेशमाचा वापरतात, आणि रेशमासाठी कोश उकळले जातात हे आम्हा कापडवाल्यांस वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी ठरले ते असे : घोडी आबनुसाची, अटी व तारगहन लाकडाचे, नवे सांधे कृत्रिम डिंकाने, नवे पॉलिश लाखेविना, आणि धागा शुद्ध सुती. दांडीवरील पांढरी किनार हस्तिदंती भासते, ती सेल्युलॉइडची निघाली. हस्तिदंताला पर्याय म्हणून एकोणिसाव्या शतकात आलेला हा पदार्थ कापूस आणि कापूर यांपासून तयार होतो, हे ऐकून सर्वांनाच बरे वाटले. जुनी घोडी विकली नाही की फेकली नाही. ती मंदिराच्या मागील बागेत मातीत पुरली.

चाचांनी दोन गोष्टी स्पष्ट बजावल्या, त्याही येथे लिहितो. लाकडी घोडी शिंगापेक्षा लवकर झिजते, म्हणून जव्हारी वरचेवर काढून घ्यावी लागेल. आणि कृत्रिम डिंकाचा सांधा पुन्हा उघडणे अवघड असते. पुढचा पूर आला तर हा तंबोरा पहिल्यासारखा अलगद सुटणार नाही. अहिंसेला किंमत असते, आणि ती आपण जाणूनबुजून स्वीकारली आहे. पहिल्या अटीचा तर मला आनंदच वाटतो. दर दोन-तीन वर्षांनी तंबोरा मिरजेस जाईल, म्हणजे कारागिराला काम मिळेल आणि आपले नाते तुटणार नाही. दुसऱ्या अटीवर उपाय म्हणून तंबोऱ्याची जागा आता वरच्या मजल्यावर केली आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा तंबोरा मिरजेतच होता. महावीर जयंती २०२२ ला तो नव्या सुती गवसणीसह मंदिरात परत आला, आणि त्या दिवशीचे मंगलाचरण त्याच्याच सुरावर झाले. लाकडी घोडीमुळे नाद थोडा मऊ झाला आहे असे जाणकार म्हणतात. प्रार्थनेस तो शोभतो असे माझे मत आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिरांच्या पिढ्यांचा हा रास्त गौरव होय. आता 'मिरजेचा तंबोरा' हे नाव दुसऱ्या कोणी दुसरीकडच्या मालास लावू शकणार नाही. परंतु मानांकनाने नाव जपले जाते, हात जपले जात नाहीत. भोपळ्याच्या जमिनीत ऊस येऊ लागला आहे. कारागिरांची मुले शिकून नोकऱ्या शोधीत आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. व्यापारी म्हणून मला एवढे समजते की कोणताही हुन्नर सत्कारावर जगत नाही, तो गिऱ्हाइकावर जगतो.

सबब समाजबांधवांना माझी नम्र विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माडीवर, अडगळीत, आजी-आजोबांच्या काळचा तंबोरा, सतार किंवा दिलरुबा फाटक्या गवसणीत उभा असेल. तो भंगारात देण्यापूर्वी एकदा मिरजेस न्यावा. दुरुस्त करून घेताना घोडीसाठी लाकूड मागावे. मागणी आली तर पुरवठा होतो, हा बाजाराचा नियम अहिंसेच्याही कामी येतो. घरी वाजविणारे कोणी नसेल तर आपल्या पाठशाळेस द्यावा. तेथील मुलांना तंबोरा लावायला शिकविण्याची व्यवस्था ट्रस्टने या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून करावी, अशीही सूचना मी येथे करून ठेवतो. चार तारा मिळविताना मुलाला प्रथम गप्प बसून ऐकावे लागते. सामायिकाची याहून सोपी पूर्वतयारी मला दुसरी दिसत नाही.

जडवस्तू-नोंदवहीत आता 'जुना तंबोरा, नग एक' या ओळीसमोर 'दुरुस्त, घोडी लाकडी, चालू स्थितीत' असा शेरा मारला आहे. शताब्दीच्या वर्षी जे कोणी ती वही उघडतील, त्यांना तो शेरा खोडावा लागू नये, एवढीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!